गोळी वेळेवर द्या

खर्र्यावरच्या मागच्या दोन लेखांनंतर आलेल्या एका पत्राने या आठवड्यात मला स्वस्थ बसू दिलं नाही. पत्र नागपूरच्या महाल भागातल्या एका ताईंचं. नवऱ्याला जबड्याचा कॅन्सर. डॉक्टरांनी मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी लिहून दिली आहे. पण गोळ्यांची पट्टी मोठ्या दिरांच्या खिशात. "अगदीच सहन होईना तर देऊ, नाहीतर सवय लागेल," असं ते म्हणतात, आणि म्हणताना त्यांच्या गालात खर्रा असतो.

व्यसन पाहायचं तर त्या गालात पाहावं. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून तोंडात गेला की माणूस त्याचा होतो. तोंड दोन बोटांपुरतंही उघडत नाही, जेवणाचं तिखट झोंबतं, डॉक्टर बजावतात, बायको पुडी लपवते. तरी सकाळी चहाच्या आधी पाय पानठेल्याकडेच. नुकसान डोळ्यांसमोर असून हात थांबत नाही. नागपूरच्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सर्वांत पुढे आहे तो उगाच नाही.

मॉर्फिन घेणाऱ्या त्या धाकट्या भावाचं नेमकं उलटं आहे. गोळी वेळेवर मिळाली त्या दिवशी तो पेज पितो, झोपतो, मुलीचा अभ्यास घेतो. गोळी एकदम बंद केली तर त्याला घाम सुटेल, जुलाब होतील, जीव कासावीस होईल, हे खरं. शरीर औषधाला सरावतं. स्टिरॉइडही असंच हळूहळू उतरवावं लागतं, पण दम्याच्या रोग्याला कोणी व्यसनी म्हणत नाही. हा धाकटा भाऊ वेळेआधी गोळी मागतो म्हणून दिरांचा संशय पक्का झाला. अहो, पुरेसं औषध न मिळाल्यावर दुखणारा माणूस मागणार नाही तर काय करेल?

जपायला हवंच. अमेरिकेत 1996नंतर ऑक्सिकॉन्टिन हे मॉर्फिनच्याच जातीचं वेदनाशामक साध्या पाठदुखीसाठीही वाटलं गेलं आणि घरं उद्ध्वस्त झाली. कंबर-गुडघ्याच्या दुखण्यावर महिनोन्महिने अशी औषधं नकोतच. ट्रॅमाडॉल हे तसलंच वेदनाशामक 2018मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं ते योग्य झालं. पण त्याच 1985च्या कायद्याच्या धाकाने दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली, तरी भीती गेली नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने मॉर्फिन जिच्यापासून बनतं ती अफू पिकते आणि इथे रोगी रात्रभर कण्हतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012मध्ये बंदी आली. खर्रा मात्र चौकाचौकात मिळतो.

भाऊ, ती पट्टी आजच ताईंच्या हाती द्या. गोळी मागण्याची वाट न पाहता घड्याळ लावून द्या, रात्रीच्या डोसचं डॉक्टरांना विचारून घ्या. बद्धकोष्ठता होतेच, तिचं औषधही सोबत मागा. आणि डोस कमी करायचा की वाढवायचा, हे डॉक्टरांना ठरवू द्या.