पडदा आणि पान

छापखान्याच्या आणि अक्षरजुळणीच्या धंद्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्याकडे लग्नपत्रिका, अहवाल व जाहिरातपत्रके यांच्या जोडीने आताशा जे एक नवे काम सातत्याने येऊ लागले आहे, ते सभेत पडद्यावर दाखवावयाच्या स्लाइड्सचे. आणि आपले व्यवसायबंधू हे काम ज्या अनास्थेने, किंबहुना ज्या तुच्छतेने उरकतात, ती पाहता त्याविषयी चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. गिऱ्हाइकाने भला थोरला मसुदा आणून टाकावा, ‘संध्याकाळपर्यंत याचे पीपीटी करून द्या’ असे फर्मान सोडावे, आणि ऑपरेटरने त्या मसुद्याचे परिच्छेद तोडून, प्रत्येक तुकड्यापुढे एक ठिपका ठेवून, मागे निळ्या रंगाची छटा ओतून बिल फाडावे, असा शिरस्ताच पडून गेला आहे. यात गिऱ्हाइकाचा दोष आहेच. पण मजकूर कसा वाचला जातो हे ज्ञान जो विकतो, त्याचा दोष अधिक आहे.

रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या एका लहानशा कंपनीत घडवलेले पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी प्रथम विक्रीस आले, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लक्ष डॉलर्सना विकत घेतली. ती पहिली आवृत्ती केवळ काळ्या-पांढऱ्या रंगाची, आणि तिचा मुख्य उपयोग ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवावयाच्या पारदर्शिका छापून काढण्याचा. शेजारी उभा राहून वक्ता बोलणार आहे आणि पडद्याने त्याला हातभार तेवढा लावावयाचा आहे, हे त्या साधनात गृहीतच होते. पुढे मात्र स्लाइड्स टपालाने जाऊ लागल्या, दप्तरी दाखल होऊ लागल्या, सभेस हजर नसलेला अधिकारी त्या वाचून निर्णय देऊ लागला. आणि वक्त्याच्या मदतीसाठी निघालेली वस्तू दस्तऐवजाच्या जागी जाऊन बसली. गैरहजर वाचकास पूर्ण वाक्ये, तपशील आणि आधार लागतात. हजर श्रोता कानाने एक वाक्य ऐकत असता डोळ्यांनी दुसरे वाचू शकत नाही. एकाच स्लाइडने ही दोन्ही कामे करावी असे म्हटले की ती दोहोंपैकी एकही नीट करीत नाही.

या घोटाळ्याची किंमत कोठवर जाऊ शकते, याचा सर्वांत दारुण दाखला कोलंबिया यानाचा आहे. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील फोमचा एक मोठा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत फिरत असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी संभाव्य हानीचा अंदाज बांधून तो नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड्सच्या रूपाने मांडला. त्यांतील ज्या एका स्लाइडची चिकित्सा येल विद्यापीठाचे एडवर्ड टफ्टी यांनी पुढे केली, तिच्या मथळ्याचा आशय असा होता की, चाचण्यांची आकडेवारी पाहता उष्णतारोधक फरशा भेदल्या जाण्याविषयीचे अनुमान सावधपणे, वाढवूनच धरलेले आहे. म्हणजे मथळा वाचून कोणीही निर्धास्त व्हावे. आणि अगदी तळाशी, ठिपके व डॅश यांच्या उतरंडीच्या शेवटच्या पायरीवर, असे नमूद होते की, प्रस्तुत तुकडा १,९२० घन इंचांचा असून चाचणीतील तुकडा अवघ्या ३ घन इंचांचा होता. ज्या चाचणीच्या भरवशावर मथळा उभा होता, ती प्रत्यक्ष आघाताच्या ६४०व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यावर झालेली होती! १ फेब्रुवारीस वातावरणात परतताना यानाचे तुकडे झाले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर प्राणांस मुकले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चौकशी मंडळाने दिलेल्या अहवालात टफ्टींच्या या चिकित्सेची दखल घेतली आणि तांत्रिक निबंधांऐवजी स्लाइड्सवर काम भागवण्याच्या नासातील सवयीवर ठपका ठेवला.

अपघात स्लाइडने घडवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पंखाची छायाचित्रे मिळवावीत ही अभियंत्यांची मागणी वरपर्यंत तडीस गेली नाही, आणि अशी इतर कारणे पुष्कळ होती. पण आपल्या कामाचा जेवढा भाग त्यात येतो, तेवढा स्वच्छ दिसतो. मुख्य काय आणि गौण काय हे ठरवणे म्हणजेच मांडणी, आणि त्या स्लाइडवर ते उलटे ठरले होते. मथळ्यात ‘चाचणीचे निष्कर्ष’ असे नुसते नाम ठेवण्याऐवजी निष्कर्षाचे पूर्ण वाक्य लिहावे, त्या वाक्यास आधारभूत असा एकच आकडा, आलेख वा चित्र खाली द्यावे, आणि त्या वाक्यास बाधक असा आकडा हाती असेल तर मथळाच बदलावा, एवढे पथ्य पाळले तरी निम्मे काम झाले. रंग आणि अक्षरवळण यांचा विचार त्यानंतरचा. ४ जुलै २०१२ रोजी सर्न येथे फाबिओला जानोत्ती यांनी हिग्ज बोसॉनचा पुरावा मांडला, तो कॉमिक सॅन्स या पोरकट वळणाच्या फॉन्टात; त्याची जगभर थट्टा झाली, आणि आमच्या मते ती रास्तच होती. तथापि आलेखातील उंचवटा सभागृहात कोणाच्याही नजरेतून सुटला नाही.

आता देवनागरीविषयी, कारण येथे परकीय साच्यांवर विसंबून चालत नाही. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या साच्यात ओळींचे अंतर ९० टक्के मुकरर केलेले असते. रोमन अक्षरांस ते मानवते. परंतु शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, व अक्षराखाली उकार, असा दुमजली संसार असलेल्या आपल्या लिपीत वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या रफारात जाऊन अडकतो. प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला आणि विंडोज २०००बरोबर सर्वत्र पोहोचलेला मंगल हा फॉन्ट मूळचाच ऐसपैस असल्याने त्यात हे निभावून जाते. अन्य फॉन्टांत अंतर डोळ्यांनी पाहूनच वाढवावे. मथळा भारदस्त दिसावा म्हणून अक्षरे फाकवण्याची जी रोमनमधील चाल आहे, तिने आपली शिरोरेषा तुटते. आणि यंत्राने तिरपी केलेली देवनागरी आम्हांस तरी कधीच देखणी वाटलेली नाही. युनिकोडपूर्व फॉन्टांतील मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उघडतो, हे सांगूनही लोक ऐकत नाहीत. सबब मूळ फाइलीबरोबर पीडीएफ प्रत देण्यात कुचराई करू नये. मजकूर वाढेल तसे अक्षर गुपचूप लहान करणारी जी सोय आज्ञावलीत आहे, ती मात्र प्रथम बंद करावी. चौकटीत मजकूर न मावणे ही कात्री हाती घेण्याची सूचना होय, आणि ती सोय हीच सूचना दडपते.

उरला प्रश्न गिऱ्हाइकाचा. त्याला कापलेला मजकूर वाया गेला असे वाटते, आणि ही तक्रार रास्त आहे. तेव्हा कापलेले सारे एका स्वतंत्र टिपणात, पूर्ण वाक्यांत, नीट पाने जुळवून द्यावे, सभेत ते हातोहात वाटावयास सांगावे, आणि त्याचा आकार स्लाइड्सहून निराळा लावावा. टिपण हे तर आपले पिढीजात काम आहे. मराठी मजकुरासाठी स्वतः घडवलेले साचे ज्या वाचकांनी वापरात आणले असतील, त्यांनी ते फॉन्टाचे नाव, अक्षरमान व ओळींचे अंतर या तपशिलासह आमच्याकडे धाडावेत. निवडक साचे पुढील अंकापासून छापू, आणि त्यांतील दोष दाखवणाऱ्या पत्रांसही तितकीच जागा देऊ.