यीस्टमधून औषध : कृत्रिम जीवशास्त्राचा एक धडा

सजीव पेशीतील जनुकांची मांडणी बदलून तिच्याकडून हवा तो पदार्थ तयार करून घेणे, हा कृत्रिम जीवशास्त्राचा एक प्रमुख उद्देश होय. या शास्त्राची उपयुक्तता सांगताना हिवतापावरील आर्टेमिसिनिन या औषधाचे उदाहरण हमखास दिले जाते. ते शेवटपर्यंत पाहणे उद्बोधक आहे.

चिनी संशोधिका तू योयो यांच्या चमूने १९७२ साली आर्टेमिसिया वनस्पतीतून हे द्रव्य वेगळे केले. त्यासाठी त्यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले. चीन, व्हिएतनाम व पूर्व आफ्रिकेतील शेतकरी ही वनस्पती पिकवतात. मात्र पिकाला महिनोन्महिने लागतात आणि भाव सतत चढउतार करतात. यावर उपाय म्हणून कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात जे कीसलिंग यांच्या चमूने या वनस्पतीची जनुके यीस्टमध्ये घातली व औषधाआधीच्या अवस्थेतील आम्ल यीस्टकडून तयार करून घेतले. हे यश २००६ साली प्रसिद्ध झाले. गेट्स प्रतिष्ठानने या प्रकल्पाला ४ कोटी २६ लाख डॉलरचे साहाय्य दिले होते. पुढे सानोफी कंपनीने इटलीत उत्पादन आरंभिले. जगाच्या गरजेचा सुमारे एक तृतीयांश भाग तेथून पुरवला जावा, अशी योजना होती.

परंतु दरम्यान शेतातील मालाचा भाव किलोला २५० डॉलरच्या खाली आला. कंपनीचा ना-नफा दर मात्र ३५० डॉलरहून अधिक होता. परिणामी २०१५ साली तेथे काहीच उत्पादन झाले नाही.

येथे दोन गरिबांचे हित समोरासमोर उभे राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार बळी घेतले. त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतील बालके होती. त्यांना स्वस्त व अखंड औषध हवे. त्याच खंडातील लहान शेतकऱ्याला पिकाचा भाव हवा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात जनुकबदल सरसकट नाकारला नाही; मात्र अशा पिकांमागोमाग काही ठिकाणी जमीन मोजक्यांच्या हाती एकवटते व लहान उत्पादक देशोधडीला लागतो, याकडे लक्ष वेधले.

म्हणून अशा प्रत्येक प्रकल्पाच्या आरंभीच, ज्यांचे पीक त्यामुळे बाजूला पडणार आहे त्या शेतकऱ्यांचे पुढे काय, याचे उत्तर मागितले पाहिजे. कारखाना उभा राहिल्यावर ते विचारण्यास उशीर झालेला असतो.