धम्माच्या शाळेत छात्रसेना कशासाठी?

त्रिसरण-पंचशीलाने दिवसाची सुरुवात करणाऱ्या शाळेच्या मैदानावर रायफलीचे शिक्षण असावे काय, असा प्रश्न पालक मेळाव्यात काही ज्येष्ठ उपासकांनी आम्हांस विचारला आहे. प्रश्न प्रामाणिक आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे तितकेच प्रामाणिक उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम इतिहास आठवू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांनी या अन्यायाविरुद्ध लेखणी उचलली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. आपल्या समाजातील कित्येक घरांत पहिले अक्षर पलटणीच्या वाटेनेच आले. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि गरज सरताच मोडण्यात आली. अखेर १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. ज्या दारावर आपल्या पूर्वजांना अर्ज घेऊन ताटकळावे लागले, ते दार मुलांसाठी उघडे असताना आपणच का लोटावे?

राष्ट्रीय छात्रसेना १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी मुलींचा विभागही सुरू झाला. छात्रसैनिकावर सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन नाही. कवायत, नकाशावाचन, प्रथमोपचार, श्रमदान, दहा दिवसांचे शिबिर असा हा अभ्यासक्रम आहे. नेमबाजी हा त्यातील लहानसा भाग. तेथेही पहिला धडा हाच, की रिकाम्या रायफलीची नळीदेखील माणसाकडे वळवायची नाही.

राहिला धम्माचा प्रश्न. वैशालीचा सिंह सेनापती बुद्धांचा उपासक झाला, त्यानंतरही तो सेनापतीच राहिला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हत्या करण्याची इच्छा आणि हत्या करण्याची गरज यांतील भेद स्पष्ट केला आहे. धम्म दुबळेपणा शिकवीत नाही, क्रौर्यही शिकवीत नाही. बलवान माणसाने शीलवान असावे, एवढेच तो मागतो.

परंतु छात्रसेना आहे म्हणून शाळा समाधानी राहिली, तर ती आमची चूक ठरेल. निवडीच्या वेळी उंच, धडधाकट मुले पुढे येतात. वाडी-तांड्यावरून आलेले अशक्त मूल मागे राहते, वास्तविक शिस्तीची आणि पौष्टिक आहाराची खरी गरज त्यालाच असते. जागा मर्यादित आहेत हे खरे. पण सकाळच्या कवायतीत उभे राहण्यास गणवेश लागत नाही. मुलींची तुकडी केवळ पाहुण्यांच्या मानवंदनेपुरती नसावी. शिबिरातही तिला समान वाटा मिळाला पाहिजे. तसेच, उन्हात उभे करण्याची किंवा रांगण्याची शिक्षा म्हणजे शिस्त नव्हे. ‘सावधान’ ऐकताच उभे राहणाऱ्या मुलास चुकीच्या आज्ञेस नम्रपणे ‘का?’ विचारण्याचे धैर्यही आम्ही दिले पाहिजे. तसे नसेल, तर शतकानुशतकांच्या मुकाट आज्ञापालनातून सुटलेल्या समाजाला आपण पुन्हा तेथेच नेऊ.

पालकांनाही एक विनंती. ‘ए’ प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नव्हे. दोन वर्षांत मुलाला वेळेवर उठण्याची, स्वतःचे बूट स्वतः चमकवण्याची, दमलेल्या सोबत्याची पिशवी उचलण्याची सवय लागली असेल, तर ते प्रमाणपत्राहून मोठे समजावे.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे सैन्यात वा पोलिसांत आहेत, त्यांनी सुट्टीवर आल्यावर एक सकाळ या मैदानास द्यावी. भाषण नको. तुकडीच्या शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाशेजारी उभे राहून त्याचे पाऊल सुधारावे. हीच आमची त्यांच्याकडे देणगी म्हणून मागणी आहे.