रेल्वे मंजूर झाली. पण आपला गट नंबर राजपत्रात आला का?

बोंडअळीची माहिती द्यायला म्हणून शिरपूर तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. अळी राहिली बाजूला, पारावर विषय निघाला रेल्वेचा. एका वयस्कर बाबांनी विचारलं, "साहेब, रेल कव्हय यी?" त्यांच्या शेजारी बसलेल्या तरुणाने पपईची लागण थांबवून ठेवली आहे. का, तर जमीन रेल्वेत जाणार. दुसऱ्या एकाकडे एजंट दोनदा येऊन गेला, "आत्ताच देऊन टाक, पुढे सरकारी भाव मिळेल" म्हणून. मी विचारलं, नोटीस कोणाला आली? कोणालाच नाही. मग जमीन जाणार हे कोणी सांगितलं? तर पेपरात आलं होतं, मंजुरी मिळाली.

मंजुरी मिळाली हे खरं आहे. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मान्यता दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये, नवी स्थानके ३०, आणि काम पुरं करण्याची मुदत २०२८-२९. मालेगाव, धुळे, नरडाणा, शिरपूर असा हा मार्ग पुढे सेंधव्याकडे सातपुडा चढून जाणार. त्याच्या महिनाभर आधी, ऑगस्टमध्ये, जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या मार्गालाही मान्यता मिळाली होती. म्हणजे धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा हा प्रश्न आहे.

पण मनमाड-इंदूरचा शब्द आपण काही पहिल्यांदा ऐकत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये याच मार्गासाठी दिल्लीत करार झाला होता. तेव्हा लांबी ३६२ किलोमीटर धरली होती, खर्च सुमारे ८,५७४ कोटी. पैसा मुख्यतः जवाहरलाल नेहरू बंदराने घालायचा, थोडा थोडा दोन्ही राज्यांनी, असं ठरलं होतं. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळे-नरडाणा या टप्प्याची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात झाली. त्यानंतर साडेपाच वर्षांनी संपूर्ण मार्गाची मंजुरी आली, आणि ती रेल्वे मंत्रालयाचा प्रकल्प म्हणून. साधा भागाकार करून पाहा. २०१८ साली किलोमीटरला साधारण २४ कोटी पडत होते, २०२४ मध्ये ५८ कोटी. दोन्ही आराखडे एकसारखे नाहीत हे मान्य, पण पैसा कोणी घालायचा याचा घोळ चालू असताना सिमेंट-लोखंड आणि जमिनीचे भाव थांबून राहत नाहीत.

असं फक्त खान्देशातच होतं असं नाही. मुंबईच्या भुयारी मेट्रो-३ चा मूळ अंदाज २३,१३६ कोटींचा होता, तो ३७,२७६ कोटींवर गेला. कारशेड आरे कॉलनीत की दुसरीकडे, यात काही वर्षं गेली. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. फरक इतकाच, की शहरातल्या माणसाला उशीर झाला तर तो बसने जातो. आपल्या माणसाची जमीनच मधल्या काळात अधांतरी लटकते. बँकेचा साहेब विहिरीच्या कर्जाला मागे-पुढे करतो, ठिबक टाकावं की नाही कळत नाही. पपईचं पीक दीड-दोन वर्षांचं. दोन वर्षं वाट पाहिली की एक अख्खं पीक गेलं.

म्हणून मंजुरी आणि भूसंपादन यांत काय फरक आहे ते नीट समजून घ्या. मंत्रिमंडळाची मंजुरी म्हणजे पैशाची आणि कामाची परवानगी. त्याने कोणाच्याही सातबाऱ्यावर एक अक्षर बदलत नाही. संपादन सुरू होतं ते रेल्वे कायद्याच्या कलम २० ए ची अधिसूचना राजपत्रात निघते तेव्हा. तिचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो, त्यातलं एक मराठी. अधिसूचनेपासून ३० दिवसांत हरकत घेता येते. पुढे कलम २० ई ची घोषणा एक वर्षाच्या आत झाली नाही तर पहिली अधिसूचना रद्द होते. ही घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारची. त्यापुढे वर्षभरात निवाडा व्हायला हवा. अडचण दाखवून आणखी सहा महिने वाढवता येतात, पण तशा दर महिन्याला निवाड्याच्या निदान ५ टक्के जादा रक्कम द्यावी लागते. आपल्याकडे हे कलम फार थोड्यांना ठाऊक आहे. (गावात खुणेचे दगड रोवले, म्हणजे हे सगळं झालं, असं कोणी समजू नये. तो सर्व्हे आहे, आणि सर्व्हेची रेघ सरकते.)

आता भावाचं. बाजारभाव धरतात तो २० ए च्या तारखेचा. मंजुरीच्या दिवशीचा नाही, आणि चेक मिळेल त्या दिवशीचाही नाही. सरकारी दरपत्रकातला दर एका बाजूला, आणि त्या भागात आधीच्या तीन वर्षांत झालेल्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी दुसऱ्या बाजूला. यातला जास्त तो धरतात. इथेच आपण आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो. मुद्रांक शुल्क वाचवायला दहा लाखाचा व्यवहार चार लाखाचा दाखवायचा, ही आपली जुनी खोड. तो कागद उद्या साऱ्या शिवाराचा भाव खाली ओढतो. घाबरून एजंटाला स्वस्तात दिलेली जमीनही तेच करते. शिवाय त्या जमिनीचा मोबदला एजंटाच्या खिशात जातो तो वेगळाच.

जमिनीशिवाय विहीर, पाइपलाइन, झाडं यांचं मूल्यांकन वेगळं होतं आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. म्हणजे विहीर लाखाची ठरली तर हातात दोन लाख. पण संयुक्त मोजणीच्या वेळी साहेब आधी कागद बघतो. फळझाडांचा पंचनामा आमच्या खात्याकडे येतो, तेव्हा आमचीही अडचण होते. बांधावर वीस वर्षांचा आंबा उभा, सातबाऱ्यावर त्याचा पत्ता नाही. तापीवरून आणलेली पाइपलाइन जमिनीखाली, नोंद कुठेच नाही, आणि जमीन आजही जिरायत. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये सिंचनाचं साधन आणि बांधावरची झाडं भरायची सोय आहे. ती आजच भरा. अधिसूचना निघाल्यावर रातोरात रोपं खोचणाऱ्यांचं काय होतं ते सांगायला नको. वाद वाढतो आणि खऱ्या बागवाल्यावरही संशय येतो.

एक गोष्ट मला पैशापेक्षाही मोठी वाटते. रेल्वेचा भराव काळ्या जमिनीतून गेला की नाल्याचं पाणी अडतं. मोरी दोन फूट चुकीच्या जागी बसली तरी वरच्या अंगाचं शेत दर पावसाळ्यात दलदल होतं. आणि त्या शेताचा मोबदला कोणालाच मिळत नाही, कारण ते संपादनात गेलेलंच नसतं. ज्याचं शेत मधून फाटतं, त्याला उरलेल्या तुकड्याच्या नुकसानीचा हक्क कायद्यात आहे. पण बैलगाडी पलीकडे कशी न्यायची, हे मागावं लागेल. त्यासाठी तलाठी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी गावनकाशावर नाले, ओहोळ आणि गाडरस्ते आत्ताच खुणावून ठेवले, ग्रामसभेचा ठराव करून तो प्रांत कार्यालयात आणि रेल्वेकडे दिला, तर तीस दिवसांची हरकतीची वेळ आली की धावाधाव होणार नाही. राजपत्रातली यादी आली की ती चावडीवर नुसती चिकटवू नये. गट नंबरासह मोठ्याने वाचून दाखवावी. मोठे खातेदार वकील लावून माहिती काढतील. ज्याचा एकच एकर आहे, त्याला ती चावडीवरच कळणार.

पपईवाल्या तरुणाचा परवा निरोप आला. रोपं मागवली आहेत. विहिरीच्या नोंदीचा अर्जही तलाठ्याकडे दिला, पण पोच घेतली नाही. उद्याच जाऊन पोच घे, असं त्याला सांगितलं आहे.