ठासणीच्या बंदुकीचें किटण व पाण्याचें भय

रब्बीची ज्वारी हुरड्यास आली म्हणजे मोडनिंबच्या शिवारांत राखणीच्या रात्री सुरू होतात. पांखरांस गोफण पुरते. रानडुकरांच्या कळपापुढें तिचें कांहीं चालत नाहीं. उजनीचें धरण १९८० मध्यें पुरें झाल्यावर माढा तालुक्यांत उसाची लागवड वाढली आणि डुकरांस दिवसा दडण्यास गर्द व थंड जागा आयतीच मिळाली. म्हणून ज्यांच्या घरीं पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे, त्यांस ती खुंटीवरून उतरवावी लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमांत पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा मुद्दाम उल्लेख आहे. तेव्हां ह्या वस्तूची गणना शेतीच्या अवजारांतच करण्यास हरकत नसावी. परंतु पाभरीच्या फणाची जेवढी निगा आपण राखतों तेवढी ह्या नळीची राखीत नाहीं, आणि जी राखतों ती पुष्कळदां उलटी असते. "बंदुकीला पाणी दाखवूं नये" असा एक समज वाडवडिलांपासून चालत आला आहे. आमच्या मतें हा समज नळीचा नाश करणारा तर आहेच, परंतु प्रसंगीं तो बार टाकणाराच्या जिवावरही बेतणारा आहे.

काळ्या दारूंत शेंकडा ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असतो. ती पेटली म्हणजे वजनानें निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होतां घनरूपच राहतो. त्यांतला कांहीं दाट पांढऱ्या धुराबरोबर बाहेर पडतो. बाकीचा नळीस आंतून चिकटून बसतो. हेंच किटण. लोक त्यास काजळी समजतात व तेलाच्या चिंधीनें पुसूं पाहतात. वास्तविक तें बहुतांशीं पोटॅशचे क्षार आहे; चुलींतल्या राखेंतून जो क्षार निघतो त्याच्याच कुळींतलें. नळी धुतांना कुजक्या अंड्यासारखी घाण येते ती त्यांतल्या गंधकयुक्त क्षाराची. क्षार तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. ज्यांच्या जमिनी कालव्याच्या पाण्यानें खारवट झाल्या आहेत त्यांस हें निराळें सांगावयास नको. वर कितीही खत घातलें तरी खार जात नाहीं. चर खणून गोड्या पाण्यानें धुवून काढावा तेव्हांच जमीन वळणावर येते. किटणावर तेल फांसणें म्हणजे खारवट रानावर शेणखत पसरण्यासारखें आहे. तेलाखालीं क्षार तसाच राहतो, हवेंतली ओल ओढून घेतो व लोखंड खातो. भाद्रपदांत न धुतां ठेवलेली नळी दसऱ्यास आंतून तांबूस दिसते ती ह्यामुळें.

आतां किटणाचा दुसरा गुण पाहूं. दमट हवेंत तें चिखलासारखें मऊ राहतें. आपल्याकडील पौष-माघांतल्या कोरड्या हवेंत मात्र तें खरपुडीप्रमाणें वाळून कठीण होतें. त्यांतून राखणीच्या रात्रीं बहुतेक बार रिकामेच काढले जातात, व तें योग्यही आहे. काळविटावर हत्यार चालविणें १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें गुन्हा आहे आणि रानडुक्कर मारण्यासही त्याच कायद्याच्या ११ व्या कलमाखालीं परवानगी लागते. तेव्हां आवाजानें कळप हांकलणें हेंच राखणदाराचें नित्याचें काम. पण रिकाम्या बारांत दारूस दाब मिळत नाहीं, ती अर्धवट जळते, आणि मागचें किटण खरडून नेण्यास पुढें गोळी नसते. असे चार-सहा बार झाले म्हणजे नळी आंतून अरुंद होते. अशा नळींत परवानगीच्या रात्रीं एकाएकीं गोळी ठासावी लागली कीं खरा प्रसंग ओढवतो.

त्यांतही गोळी लांबट, टोकदार असेल तर अधिकच. वाटोळी गोळी तुपट चिंधींत गुंडाळून घालतां येते. ती चिंधीच उतरतां उतरतां नळी पुसते. लांबट गोळीस चिंधी नसते. तिच्या अंगावर खांचा असतात, त्यांत वंगण भरावयाचें, आणि उघडें शिसें नळीच्या मळसूत्री आट्यांशीं घासत खालीं न्यावयाचें. ही अडचण मोठमोठ्या सैन्यांसही पडली होती. मिनीए ह्या फ्रेंच अधिकाऱ्याची १८४९ ची युक्ति तिच्यावरच होती: गोळी नळीपेक्षां किंचित् बारीक व बुडाशीं पोकळ करावयाची, म्हणजे ती सहज उतरते आणि दारू पेटतांच बूड फुगून आट्यांत बसतें. इंग्रजांची १८५३ ची एनफील्ड रायफल ह्याच तत्त्वावरची. तिची नळी .५७७ इंच व गोळी प्रथम .५६८ इंच होती. किटणानें ती अडूं लागली म्हणून पुढें.५५ इंचांवर आणावी लागली. १८५७ सालीं ज्या चरबीच्या काडतुसांवरून एवढा अनर्थ झाला, ती चरबीही किटण मऊ रहावें म्हणूनच लावलेली होती. गरज खरी होती. आंधळेपणा होता तो चरबी कशाची हें न पाहण्यांत. त्याच वर्षीं जानेवारींत शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण स्वतः लावावें अशी परवानगी निघाली, पण तोंवर विश्वास उडाला होता.

आपल्या बहुतेक बंदुका गुळगुळीत नळीच्या आहेत. त्यांत लांबट गोळी घालण्याची हौस अलीकडे कांहीं तरुण मंडळींत दिसते. ती आम्हांस पसंत नाहीं. आट्यांवांचून ती गोळी हवेंत कोलांट्या खाते, नेम साधत नाहीं, आणि वजनामुळें जुन्या नळीवर दाब मात्र वाढतो. ज्यांच्याकडे वडिलार्जित आट्यांची ठासणीची रायफल असेल, त्यांनीं ती वापरावी. पण दर बारानंतर ओलसर, पिळून काढलेली चिंधी गजावर चढवून एकदां खालवर फिरवावी, मागून कोरडी फिरवावी, मगच दारू घालावी. दारू नेहमीं मापट्यांतून ओतावी. शिंगाचें तोंड नळीस लावून ओतूं नये. आंत ठिणगी राहिली असेल तर हातांतलें शिंगच उडेल.

गोळी अर्ध्यावर अडली तर काय? येथेंच अपघात होतात. दारू व गोळी ह्यांमध्यें पोकळी राहिली असतां बार काढला, तर नळी त्या जागीं फुगते किंवा फुटते. "थोडी वर राहिली, चालेल" असें म्हणून घोडा दाबणारास दोन बोटें गमावल्यावर शहाणपण येऊन उपयोग नाहीं. म्हणून गजावर दोन खुणा कराव्या: एक नळी रिकामी असतांना, दुसरी नेहमींचा बार नीट बसल्यावर, गज नळीच्या तोंडाशीं जेथें येतो तेथें. दर वेळीं दुसरी खूण तोंडाशीं आलीच पाहिजे. न आल्यास केप चढवूं नये, गजावर हातोडी मारूं नये, तोंड नळीसमोर आणूं नये. कानांतून पाणी सोडून दारू भिजवावी व बंदूक परवानेदार कारागिराकडे न्यावी. काडतुसांतली धूररहित दारू ठासणीच्या नळींत कोणी घालीत असेल, तर त्यास आमचा एवढाच निरोप कीं त्यानें निदान शेजारीं कोणास उभें करूं नये.

वंगणाविषयीं लिहिणें भाग आहे, कारण घरांत जें असेल तें लावण्याची आपली रीत. ट्रॅक्टरचें ग्रीस काळ्या दारूच्या आंचेनें डांबरासारखें होऊन किटणांत मिसळतें व तें मग पाण्यानेंही सुटत नाहीं. करडईचें तेल आपल्याकडे मुबलक, पण तें हवेनें वाळून चिकट पापुद्रा धरतें, तेंही नको. पोळ्याचें मेण मंद विस्तवावर वितळवून त्यांत एरंडेल घालावें, थंड झाल्यावर लोण्याइतकें मऊ राहील असें. ज्यांस विटाळ नाहीं त्यांनीं एरंडेलाऐवजीं मेंढीची चरबी घ्यावी. ती अधिक चांगली. हें काम दारूपासून दूर करावें हें सांगणें नलगे.

बंदूक धुण्याची रीत कठीण नाहीं. बार निघालेला आहे अशी गजानें खात्री करून घ्यावी, केप काढावी, कोमट पाणी ओतून चिंधीनें घुसळावें, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हां पुन्हां. कढत पाण्याची गरज नाहीं. वाडवडिलांच्या म्हणण्यांत तथ्य आहे तें येथें: ओली ठेवलेली नळी एका रात्रींत गंजते. म्हणून कोरड्या चिंध्या चढवून ओल पुरी टिपावी, लांकडी दस्त्याच्या सांध्यांतलें पाणी काढावें, आणि तेल लावावें तें मग. तेलाची जागा पाण्यानंतरची आहे, पाण्याऐवजींची नाहीं.

निवडणुकीच्या दिवसांत परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यांत जमा कराव्या लागतात व त्या कित्येक आठवडे तेथेंच राहतात. परत आलेली बंदूक गंजली म्हणून ठाण्यास दोष देणारे पुष्कळ भेटतात. त्यांस विचारावें कीं, शेवटचा बार काढल्यावर आपण ती धुवून दिली होती काय? बहुतेक वेळीं ती आदल्या रात्रीं तेल पुसून, आंतल्या क्षारासह दिलेली असते. जमा करण्याच्या आदल्या दिवशीं अर्धा तास आणि एक घागर पाणी ह्या कामीं खर्च करावें, व पावती घेतांना नळी आंतून कशी आहे हें त्यावर लिहून घेण्याचा आग्रह धरावा.