अवयवाआधी अंडपेशी

७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या रुग्णालयात डेव्हिड बेनेट या ५७ वर्षांच्या रुग्णाच्या छातीत डुकराचे हृदय बसवण्यात आले. त्यानंतर ते दोन महिने जगले. मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जनुकसंपादित डुकराची किडनी जिवंत माणसाच्या शरीरात प्रथमच बसवली गेली. त्या डुकराच्या जनुकांमध्ये ६९ बदल केलेले होते. २०२५ मध्ये याच रुग्णालयातील दुसऱ्या एका रुग्णाच्या शरीरात अशी किडनी तब्बल २७१ दिवस चालली. या बातम्यांत शल्यविशारदांचे कौतुक झाले, जनुके नेमकी कापणाऱ्या ‘क्रिस्पर’ तंत्राचेही झाले आणि ते योग्यच होते. पण असे डुक्कर जन्माला येण्यासाठी आधी भ्रूण लागतो आणि भ्रूणासाठी पक्व अंडपेशी लागते. ही अंडपेशी प्रयोगशाळेतल्या बशीत नीट पक्व करणे हा या साऱ्या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा आहे. त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही, म्हणून हा विषय.

आपल्यासाठी तो दूरचा नाही. २०२३ मध्ये भारतात १८ हजारांहून अधिक अवयव प्रत्यारोपणे झाली, मात्र मृत्यूपश्चात अवयव देणारे दाते जेमतेम अकराशे होते. बाकीचा मोठा भार जिवंत नातेवाइकांनी, त्यातही घरातल्या बायकांनी उचलला. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांच्या प्रतीक्षायादीत नाव लागलेले रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जातात आणि फोनची वाट पाहतात. डुकराच्या किडनीची बातमी अशा घरात आशेने वाचली जाते. त्या आशेला आधार कशाचा आणि अडसर कशाचा, हे वाचकांना कळायला हवे.

प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या डुकरांच्या अंडपेशी बहुतेक वेळा कत्तलखान्यातून येतात. मांसासाठी कापलेल्या माद्यांची अंडाशये कोमट खारट द्रवात ठेवून थर्मासमधून आणली जातात. त्यांवरच्या तीन ते सहा मिलिमीटरच्या द्रवाने भरलेल्या पुटकांतून सुईने अंडपेशी ओढून घेतल्या जातात. प्रत्येक अंडपेशी मिलिमीटरच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी असते आणि तिच्याभोवती ‘क्युम्युलस’ नावाच्या पेशींचे दाट आवरण असते. ते आवरण न दुखवता तिला पोषक द्रवात ठेवतात. इन्क्युबेटरचे तापमान ३८.५ अंश सेल्सिअस, हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण पाच टक्के आणि मुदत ४० ते ४४ तास. गाईच्या अंडपेशीला साधारण २४ तास पुरतात. डुकराच्या अंडपेशीला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो.

या काळात अंडपेशीत दोन कामे व्हावी लागतात. पहिले केंद्रकाचे. मादीच्या जन्माच्या सुमारास थांबलेले पेशीविभाजन पुन्हा सुरू होऊन गुणसूत्रांची संख्या निम्मी व्हावी लागते. दुसरे काम केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रवाचे. पुढचे काही दिवस भ्रूण ज्यावर जगणार, ती प्रथिने, संदेशवाहक रेणू आणि ऊर्जेची शिदोरी तेथे साठवली जावी लागते. शरीरात ही दोन्ही कामे हातात हात घालून चालतात. अंडपेशी पुटकाबाहेर काढली की मात्र तिला आवरून धरणारे संकेत तुटतात आणि केंद्रक एकटेच पुढे पळू लागते. १९३५ मध्ये ग्रेगरी पिंकस आणि एन्झमान यांनी सशाच्या अंडपेशीत हे पाहिले होते. १९६५ मध्ये रॉबर्ट एडवर्ड्स यांनी उंदीर, मेंढी, गाय, माकड, माणूस आणि डुक्कर या सर्वांच्या अंडपेशी शरीराबाहेर पक्व होऊ शकतात, हे दाखवले. पुढे टेस्ट ट्यूब बेबीच्या तंत्रासाठी याच एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल मिळाले.

कोवळा आंबा उतरवून अढीत घातला, तर त्याला वरून रंग चढतो, पण आत तो आंबटच राहतो. बशीतल्या अंडपेशीचे पुष्कळदा असेच होते. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक पक्व दिसते, पण पेशीद्रवाची तयारी झालेली नसते. डुकराच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. कत्तलखान्यात येणाऱ्या बहुतेक माद्या साधारण सहा महिन्यांच्या, माजावर न आलेल्या असतात. त्यांची अंडपेशी मुळातच कोवळी. तिच्यात चरबीचे कण भरपूर असल्याने ती गडद दिसते आणि थंडी तिला सोसत नाही. ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य तिच्यात पुरेसे साठले नाही, तर आत शिरलेल्या शुक्राणूचे डोके नीट उलगडत नाही. शिवाय बशीतल्या फलनात एकाच अंडपेशीत अनेक शुक्राणू शिरण्याचा दोष डुकरात फार दिसतो. शरीरात अंडपेशीपर्यंत मोजकेच शुक्राणू पोहोचतात, बशीत मात्र तिला त्यांचा गराडा पडतो. असा भ्रूण सहसा पुढे टिकत नाही.

जनुकसंपादित डुक्कर तयार करण्याच्या दोन्ही वाटा याच अंडपेशीवरून जातात. एका वाटेत फलित अंडपेशीतच क्रिस्परचे रेणू सोडतात. दुसऱ्या वाटेत कातडीच्या पेशीची जनुके आधी बदलून तिचे केंद्रक रिकाम्या केलेल्या पक्व अंडपेशीत घालतात, म्हणजे क्लोनिंग करतात. दुसऱ्या वाटेचे यश फार थोडे आहे. एका मादीच्या गर्भाशयात शंभराहून अधिक क्लोन भ्रूण सोडले, तरी मोजकीच पिल्ले जन्मतात, कधी एकही नाही. त्यात डुकरिणीच्या शरीराची स्वतःची एक अट आहे. गर्भधारणेच्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भाशयात साधारण चार तरी जिवंत भ्रूण नसतील, तर ती गर्भधारणा टिकतच नाही. गाईत एक चांगला भ्रूण पुरतो, इथे पुरत नाही. त्यामुळे अंडपेशीच्या दर्जातली थोडीशी उणीवही शेवटी पूर्ण अपयशाच्या रूपात समोर येते.

गेल्या चार दशकांत यावर बरेच उपाय झाले. केंद्रकाची घाई रोखण्यासाठी पहिले वीस-बावीस तास पोषक द्रवात सायक्लिक एएमपीसारखा रेणू घालतात आणि नंतर काढून घेतात. ग्लुटाथायोन वाढावे म्हणून सिस्टीन हे अमिनो आम्ल घालतात. संप्रेरके पहिल्या टप्प्यात देऊन दुसऱ्या टप्प्यात थांबवतात. पण पुष्कळ ठिकाणी आजही मुख्य भिस्त आहे ती डुकराच्या पुटकातूनच काढलेल्या द्रवावर. त्याचा उपयोग होतो, हे खरे. पण त्यात नेमके काय आहे, हे कोणी पूर्णपणे सांगू शकत नाही. आजचा द्रव उद्याच्यासारखा नसतो. त्यामुळे एका प्रयोगशाळेत मिळालेले यश दुसरीकडे मिळेलच, याची खात्री राहत नाही.

म्हणूनच अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले काम महत्त्वाचे ठरले. त्यांनी पोषक द्रवात एफजीएफ-२, एलआयएफ आणि आयजीएफ-१ ही तीन वाढप्रवर्तक प्रथिने एकत्र घातली. त्याने अंडपेशीभोवतीचे क्युम्युलस आवरण जास्त चांगले फुलले आणि या पेशी व अंडपेशी यांना जोडणारे सूक्ष्म तंतू सुटण्याची रीतही बदलली. त्याच तंतूंमधून आवरणातल्या पेशी अंडपेशीला रसद पोहोचवत असतात. परिणामी ब्लास्टोसिस्ट अवस्थेला पोहोचणाऱ्या भ्रूणांचे प्रमाण दुप्पट झाले आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वापरलेल्या अंडपेशींच्या मानाने जन्मलेल्या पिल्लांचे प्रमाण चौपट झाले. यात नवे यंत्र नव्हते की नवे जनुकतंत्र नव्हते. बशीतले द्रव बदलले, एवढेच.

या कामातून घेण्यासारखा मोठा धडा मोजमापाचा आहे. डुकराच्या अंडपेशीच्या द्रवात अमुक वनस्पतीचा अर्क, तमुक अँटिऑक्सिडंट किंवा मेलाटोनिन घातल्याने ब्लास्टोसिस्टचे प्रमाण वाढले, असे शोधनिबंध सतत येत असतात. त्यांतले बरेच प्रामाणिक असतात. पण ब्लास्टोसिस्ट म्हणजे पिल्लू नव्हे. सातव्या दिवशी बशीत छान दिसणारा भ्रूण गर्भाशयात टिकेलच असे नाही. फार थोडे अभ्यास भ्रूण मादीत सोडून, पिल्ले जन्मेपर्यंत थांबून, त्यांची गणती करतात. ते खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, हे मान्य. पण तसे केल्याशिवाय ‘सुधारणा झाली’ हे वाक्य अर्धवट राहते. प्रयोगांना निधी देणाऱ्या संस्थांनी आणि ते छापणाऱ्या नियतकालिकांनी हा आग्रह धरायला हवा. बातम्या देणाऱ्या आम्हा पत्रकारांनीही तो धरायला हवा.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. बेनेट यांना बसवलेल्या हृदयाबरोबर डुकरांमधला सायटोमेगॅलो विषाणू आलेला होता, हे नंतर उघड झाले. तो कळपातूनच आलेला होता. अंडपेशीच्या द्रवाशी त्याचा संबंध नव्हता. पण अवयवासाठी वाढवायच्या जनावराच्या बाबतीत स्वच्छतेची साखळी किती काटेकोर हवी, हे त्यातून समजते. अनोळखी जनावरांच्या शरीरातून काढलेला द्रव त्या साखळीच्या पहिल्याच कडीत वापरणे शहाणपणाचे नाही. घटक ठाऊक असलेले, प्रत्येक वेळी सारखेच बनवता येईल असे द्रव वापरणे ही इथे सोयीची नव्हे, रुग्णाच्या जिवाची बाब ठरते.

या संशोधनावर आक्षेपही आहेत आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. जनावरांना अवयवांचे कारखाने बनवावे का, हा प्रश्न कायम राहतोच. डुकराचा अवयव स्वीकारण्यात काहींना धार्मिक अडचण वाटू शकते, त्यांच्या नकाराचा मान राखला पाहिजे. भ्रूण तयार करणे सोपे झाले की अशी डुकरे जास्त संख्येने तयार केली जातील, ही शंकाही रास्त आहे. पण आजच्या ढिसाळ पद्धतीची किंमत कोण मोजते, तेही पाहायला हवे. पिल्ले जगत नाहीत तेव्हा आणखी माद्यांवर शस्त्रक्रिया करून भ्रूण सोडावे लागतात, त्यांतल्या अनेकांच्या गर्भधारणा मोडतात. अंडपेशी चांगली पक्व झाली, तर तेवढ्याच पिल्लांसाठी कमी माद्या वापराव्या लागतील. संशोधन थांबवायचे की नाही, यावर मतभेद असू शकतात. ते चालू असेपर्यंत कमीत कमी जनावरांना त्रास व्हावा, यावर दुमत नसावे.

आता आपल्याकडे पाहू. कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतल्या अंडपेशी पक्व करण्याचे कसब भारतीय शास्त्रज्ञांना नवे नाही. हरियाणातील कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने २००९ मध्ये म्हशीचे क्लोन रेडकू जन्माला घातले, ते याच कसबाच्या बळावर. डुकराच्या बाबतीत मात्र आपला भर मुख्यतः पैदास आणि कृत्रिम रेतनावर राहिला. अवयवांचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी हे पुरेसे नाही. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फिव्हर आसाम आणि अरुणाचल प्रदेशात शिरला आणि पुढे इतर राज्यांतही पसरला. त्यावर उपचार नाही. रोग सापडला की परिसरातली डुकरे मारावी लागतात. गोव्यातल्या ‘अगोंद गोवन’ जातीची राष्ट्रीय पातळीवर देशी जात म्हणून नोंद झाली आहे. अशा मर्यादित प्रदेशातल्या जातीत हा रोग घुसला, तर पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा एका हंगामात संपू शकतो. जपानी शास्त्रज्ञांनी अपक्व अंडपेशी अतिवेगाने गोठवून, नंतर वितळवून, बशीत पक्व करून त्यांपासून पिल्ले जन्माला घातली आहेत. म्हणजे देशी जातींच्या अंडपेशींची ‘बियाणे पेढी’ अशक्य नाही. पण त्या पेढीतून पैसे काढायचे, तर पक्व करण्याची विद्या हातात हवी.

माणसाशीही या विषयाचे नाते आहे. १९९१ मध्ये दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी प्रयोगशाळेत पक्व केलेल्या स्त्रीबीजापासून बाळ जन्मल्याचे जाहीर केले. पीसीओएस असलेल्या स्त्रियांना संप्रेरकांच्या भरमसाट इंजेक्शनांचा धोका असतो, कर्करोगाच्या काही रुग्णांना उपचार लांबवता येत नाहीत. अशांसाठी ही पद्धत उपयोगी आहे, मात्र तिचे यश नेहमीच्या आयव्हीएफपेक्षा सहसा कमी राहते. डुकराच्या बशीत यशस्वी झालेले द्रव उद्या दवाखान्यात वापरता येईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पण आकाराने मानवी स्त्रीबीजाच्या जवळ जाणाऱ्या या अंडपेशीतून मिळणारे ज्ञान उपयोगी पडू शकते, एवढे म्हणता येईल. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्यांच्यासोबत होते. दवाखाना आणि प्रयोगशाळा शेजारी असल्याचा फायदा महाराष्ट्राने तेव्हा अनुभवला आहे.

मग करायचे काय? पशुवैद्यक महाविद्यालये आणि परवानाधारक कत्तलखाने यांच्यात अंडाशये वेळेत व ठरलेल्या तापमानात मिळण्याची पक्की व्यवस्था करावी. डुकराच्या अंडपेशीवरील कामाला एक-दोन वर्षांचा तुटपुंजा निधी न देता पिल्ले जन्मेपर्यंत पुरेल असा निधी द्यावा. देशी जातींच्या अंडपेशी आणि वीर्य साथ येण्याआधीच गोठवून ठेवावे. आणि मानवी अवयवदानाची मोहीम यापैकी कशासाठीही थांबवू नये. डुकराची किडनी आज तरी मोजक्या रुग्णांवरचा प्रयोग आहे. नातेवाइकांनी योग्य वेळी दिलेला होकार आजच एखाद्याला जगवू शकतो. उद्याच्या पर्यायाची तयारी मात्र आजपासून, त्या ४४ तासांकडे लक्ष देऊन करावी लागेल.