मानसशास्त्राची पदवी : भीती कशाची, अपेक्षा किती?

बारावीनंतर मुलीने मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये मानसशास्त्र घ्यायचे म्हटले, की आपल्याकडील घरांत दोन शंका हमखास निघतात. ख्रिस्ती कॉलेज, म्हणजे धर्माचे काय? आणि हे वेड्यांचे शास्त्र शिकून करायचे काय?

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. मुंबईचे विल्सन (१८३२) व सेंट झेवियर्स (१८६९), नागपूरचे हिस्लॉप (१८८३) ही महाविद्यालये मिशनऱ्यांनी काढली. तेथे सर्व धर्मांची मुले शिकत आली आहेत. मानसशास्त्राच्या वर्गात शिकवतात ते स्मृती, अवधान, बालविकास, मनोविकृती आणि संख्याशास्त्र. शिवाय सरकारमान्य वा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकांच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम २८ सांगते.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. मानसशास्त्रात बी.ए. झालेली मुलगी डॉक्टर नव्हे. औषधे देणारा मानसोपचारतज्ज्ञ हा आधी एम.बी.बी.एस. झालेला असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्यासही भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण व नोंदणी लागते. केवळ बी.ए.च्या जोरावर कोणी उपचाराची पाटी लावली असेल, तर पुढील शिक्षण कोणते, नोंदणी आहे का, हे रुग्णाच्या घरच्यांनी न संकोचता विचारावे.

मग ही वर्षे वाया गेली का? मुळीच नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली, जेवणावरची वासना गेलेली, 'माझा कुणाला उपयोग नाही' असे म्हणणारी व्यक्ती आळशी नसते, तिला बाहेरची बाधाही नसते. तिला नैराश्याचा आजार असू शकतो. हे ओळखणारे माणूस घरात असणे फार मोलाचे. अंगाऱ्याने, नवसाने किंवा चर्चमधील प्रार्थनेने मनाला धीर येतो, पण तो उपचार नव्हे, हे ती मुलगी कुणाची श्रद्धा न दुखावता सांगू शकेल. रुग्ण वेळेवर डॉक्टरकडे पोचला, तर पुष्कळ काही वाचते. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही अशा वेळी हाताशी असावा.

तेव्हा पालकहो, कॉलेजच्या नावाला बिचकू नका. मुलीची आवड, फी, वसतिगृहाची सोय आणि पदवीनंतरही शिकवण्याची आपली तयारी, एवढे मात्र आधी नीट पाहा.